वसतिगृहात फडाचं गणित येऊ द्या

दसरा झाला की नांदूरघाटच्या आसपासच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॉलीत भांडी, धान्य, कोप्यांचं सामान आणि वर बसलेली लेकरं. ती गावातच शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहं आली, २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आली. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. ही वसतिगृहं हवीतच, कारण उसाच्या फडावर राहिलेल्या पोराच्या हाती लवकरच कोयता येतो.

पण लेकरू आईबापापासून दूर ठेवून शिकवण्याचा इतिहास चांगला नाही. कॅनडात सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना निवासी शाळांत घातलं गेलं, मायबोली बोलल्याबद्दल मारलं गेलं. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १८९७ च्या दुरुस्तीने या जमातींची मुलं आईबापांपासून काढून सुधारगृहात ठेवायची मुभा सरकारला दिली. या जमातींना जिथे डांबलं जाई, त्या सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतं. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ‘यांच्या घरात काय शिकायला मिळणार?’ हा प्रश्न मात्र ऊसतोड, पारधी, बंजारा घरांबद्दल आजही शिक्षकांच्या तोंडी ऐकू येतो, आणि मला त्याचा राग येतो.

सहावीच्या वर्गात मी एक गणित घातलं. तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये, मुकादमाकडून घेतलेली उचल एक लाख, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी दिवसाला दोन टन तोडते. उचल फिटायला किती दिवस लागतील? पाढ्यांना अडखळणाऱ्या एका मुलीने २७३ टन काढले, मग १३७ दिवस. पाटी खाली ठेवली नाही. म्हणाली, “गुरुजी, तुम्ही खाडे धरलेच नाहीत. आई दुखण्यात पडली की खाडा लागतो.” वर्गातल्या निम्म्या पोरांनी माना डोलावल्या. पुढचा अर्धा तास खाड्यांची वजाबाकी त्यांनीच मला शिकवली.

घरचं, आसपासचं वर्गात आणायची ही वाट नवी नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा बिया, पानं, शंख-शिंपले हेच त्यांचं शैक्षणिक साहित्य होतं. मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात गेली. आपल्याकडे मोळी आहे, वजनकाटा आहे, पारध्याच्या पोराला जनावरांचे माग ओळखता येतात, तांड्यावरच्या आजीला गाणी येतात. पुस्तकात यातलं काय आहे?

अंबाजोगाईच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने (डाएट) यंदाच्या दसऱ्याआधी या मुलांसाठी एक पुस्तिका काढावी. ती लिहायला मुकादम नको, तोडणी करणाऱ्या आया बोलवाव्यात, पारधी आणि बंजारा घरांतल्या बायका बोलवाव्यात. आणि प्रत्येक वसतिगृहात रोज संध्याकाळी फडावर फोन लावून द्यावा. त्यासाठी कुठल्याही शासन निर्णयाची वाट बघू नका.