‘नेब्युलस’ आणि आपण

गेल्या सत्रात माझ्या एका ट्यूटोरियलच्या समासात सरांनी लाल शाईने एकच इंग्रजी शब्द लिहिला होता : ‘नेब्युलस’. विषय नवकवितेचा होता. ‘जाणिवेच्या पातळीवरील अनुभूतीचा अवकाश’ असे एक भारदस्त वाक्य मी त्यात घातले होते आणि त्याचा मला मनातून अभिमानही होता. शब्दकोशात पाहिले, तर ‘ढगाळ, धूसर, अनिश्चित’! राग आला. पण पुढे त्या शब्दाचीच गोडी लागली.

लॅटिनमध्ये ‘नेब्युला’ म्हणजे धुके, ढग. आपला संस्कृत ‘नभस्’ त्याच कुळातला. ग्रीक ‘नेफॉस’ आणि जर्मन ‘नेबेल’ ही त्याचीच भावंडे. म्हणजे सरांनी परका वाटणारा जो शब्द माझ्या माथी मारला, तो मुळात आपल्याच नभाचा नातलग निघाला.

इंग्रजीत हा शब्द बहुधा कल्पना, योजना, संकल्पना यांना लागतो आणि त्यात तक्रारीचा सूर असतो. याच घरातले आणखी दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. ‘व्हेग’ हा लॅटिन ‘वागुस’पासून, म्हणजे ‘भटक्या’पासून आला, ‘व्हॅगबाँड’ त्याचाच भाऊबंद. जे एका जागी ठरत नाही ते व्हेग. ‘अँबिग्युअस’ म्हणजे ज्याचे दोन अर्थ होतात ते. अश्वत्थामा मेला, असे धर्मराजाने द्रोणाचार्यांना सांगितले ते अँबिग्युअस होते. नेब्युलस मुळीच नव्हते. माणूस की हत्ती, एवढाच प्रश्न होता. दोन्ही अर्थ स्वच्छ होते. नेब्युलसमध्ये एकही अर्थ स्वच्छ नसतो. आकारच बनलेला नसतो.

मराठीतही हे भेद आहेत. वेळ मारून नेणारे उत्तर मोघम. दोन अर्थांत अडकवणारे वाक्य संदिग्ध. आकार न आलेला विचार धूसर. तरीही आपण परीक्षेत तिन्हींसाठी ‘अस्पष्ट’ लिहून मोकळे होतो. शब्द नाहीत म्हणून नव्हे, तर नेमका शब्द शोधण्याचे कष्ट नकोत म्हणून.

मी सरांकडे गेलो आणि म्हणालो, “सर, कविताच धूसर असेल तर उत्तर धूसर होणारच ना?” सर हसले आणि म्हणाले, “धूसर कविता आहे की तुमची दृष्टी, ते आधी ठरवा.”

या प्रश्नाचे उत्तर मला खगोलशास्त्राच्या एका पुस्तकात सापडले. देवयानी तारकासमूहात धुक्याचा एक पुंजका दिसतो. त्याला शतकानुशतके ‘नेब्युला’च म्हणत. 1923 साली एडविन हबल यांनी माउंट विल्सन येथील 100 इंची दुर्बिणीतून त्यात एक रूपविकारी तारा हेरला, त्यावरून अंतर काढले, आणि तो ढग नसून आपल्या आकाशगंगेबाहेरची एक स्वतंत्र दीर्घिका आहे हे सिद्ध झाले. धुके तिथे नव्हतेच. ते आपल्या नजरेत होते. उलट मृग नक्षत्रात, बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला दिसणारा पुंजका खरोखरच वायू आणि धूळ यांचा मेघ आहे. दुर्बीण कितीही मोठी आणा, तो मेघच राहतो. आणि त्याच मेघात नवे तारे जन्म घेतात.

माझे मत एवढेच आहे. धूसरता हा नेहमीच दोष नसतो. काही कविता, काही भावना खरोखरच मृगातल्या मेघासारख्या असतात. त्यांना ओढूनताणून रेखीव केले तर त्या मरतात. पण एखादी गोष्ट धूसर आहे असे म्हणण्याचा अधिकार, तिच्याकडे दुर्बीण लावून पाहिलेल्यालाच आहे. मी कविता दोनदाही वाचली नव्हती. माझे आळशी धुके मी कवीच्या नावावर खपवले होते.

ते ट्यूटोरियल मी पुन्हा लिहिले. या वेळी निम्मीच पाने झाली. जिथे कळले नाही तिथे ‘ही ओळ मला उलगडली नाही’ असे सरळ लिहिले. समासात या वेळी लाल शाई नव्हती असे नाही. पण ‘नेब्युलस’ मात्र नव्हते.