मोहोर बघून भाव

रत्नागिरीत जन्मलेला माणूस तीन विषयांत जन्मजात तज्ज्ञ असतो: आंबा, मासळी आणि दुसऱ्याचा मुलगा. पहिल्या दोन विषयांत तो निदान हाताळून, वास घेऊन मग बोलतो. तिसऱ्यात त्याला तेवढीही गरज भासत नाही. ‘हा पुढे येणार’ किंवा ‘ह्याचं काही खरं नाही’ हा निकाल मारुती मंदिरच्या नाक्यावर उभ्या उभ्या, चहा गार व्हायच्या आत देऊन तो मोकळा होतो.

हा तिसरा विषय यंदा माझ्या बहिणीच्या घरात शिरला. माझा भाचा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे त्याचं नाव त्या वर्षाच्या हजेरीपटावर आहे, तो स्वतः मैदानावर असतो. कबड्डी खेळतो, चढाया करतो. महाविद्यालयांच्या स्पर्धेत एका सामन्यात त्यानं १९ गुण मिळवले आणि दुसऱ्या दिवसापासून घरी माणसांची अशी रीघ लागली, की शेजारच्या आजी ‘कोण गेलं हो?’ म्हणून विचारून गेल्या.

आठवड्यानं मुंबईहून एक जाणकार आले. प्रो कबड्डीतले संघ लिलावाबाहेर काही नवोदित मुलंही घेतात. त्यांच्या चाचणीला कोणाला पाठवायचं हे आपणच ठरवतो, असं त्यांनीच सांगितलं. त्यांनी भाच्याची उंची मोजली, वजन केलं, भिंतीशी उडी मारायला लावली, अंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवला. मग मोबाईलवर त्याच्या तीन चढाया पाहिल्या. तिन्ही त्याच १९ गुणांच्या सामन्यातल्या. त्यातल्या दोन त्याच्या मित्रानं गाणं लावून सजवलेल्या. वही मिटून जाणकार म्हणाले, “मटेरियल आहे.”

आमच्या घराण्यात आजवर कोणाला मटेरियल म्हटलेलं नव्हतं. बहिणीनं त्यांना दुसऱ्यांदा पोहे वाढले.

माझं भांडण आहे ते ह्या ‘मटेरियल’शी. आमचे काका बागायतदार. त्यांच्या धंद्यात मोहोर बघून बाग कराराने घेणारे व्यापारी असतात. झाडाखाली उभं राहायचं, मान वर करायची आणि पेट्या मोजायच्या! पुढे तुडतुडा येतो, अवकाळी पाऊस येतो, फळ धरल्यावर माकडं येतात. ह्या सगळ्यांतून आंबा तरला तरी आत साका निघायचा तो निघतोच. वरून सोन्यासारखा रंग, देठाशी घमघमाट. सुरी घातली की आत पांढरट, आंबट गर. साका सालीवरून कळत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं १९८१ साली नीलम आणि हापूस यांच्या संकरातून साका न होणारी ‘रत्ना’ काढली. माणसांत तसं वाण अजून निघायचं आहे. काका म्हणतात, “मोहोर बघून भाव करावा रे, पण आंबा खाल्ल्यासारखं बोलू नये.” जाणकार नेमके आंबा खाल्ल्यासारखे बोलत होते.

बरं, हे झालं कॉलेजच्या पोराचं. पिकून नाव झालेल्या फळाचा भाव तरी कोणाला बरोबर लावता येतो? प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा सर्वांत मोठी बोली राकेशकुमारवर १२ लाख ८० हजारांची होती, आणि ती ऐकून आम्ही तोंडात बोटं घातली होती. २०२२ मध्ये पवन सेहरावतला तमिळ थलाइवाज संघानं २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि त्याचा तो मोसम तिथंच संपला. २ कोटी २६ लाख मोजणाऱ्यांना जो गुडघा वाचता आला नाही, तो आमच्या अंगणात पोहे खाता खाता वाचता येतो? प्रदीप नरवालनं चढायांतून १८०० हून अधिक गुण मिळवले. २०२१ मध्ये त्याच्यावर १ कोटी ६५ लाखांची बोली लागली आणि २०२५ च्या लिलावात त्याला कोणीच घेतलं नाही. उलट आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार नवोदितांतून पुणेरी पलटणमध्ये आला आणि २०२४ मध्ये त्याच्याच कप्तानीखाली पुण्यानं विजेतेपद घेतलं. मोहोर दोन्हीकडे होता, महाराज. बाजाराला कळलं ते नंतर.

मोजमापच नको, असं मी म्हणत नाही. पूर्वीच्या निवडी कशा व्हायच्या ते ठाऊक आहे. अमक्याचा पुतण्या, तमक्याचा मेव्हणा, आणि उरलेल्या जागी चांगला खेळणारा. टेप कोणाचा पुतण्या नसतो, एवढा त्याचा मोठेपणा मला मान्य आहे. पण टेपला जे मोजता येतं तेवढंच मोजायचं आणि त्यालाच पारख म्हणायचं, हे कुठलं शास्त्र?

म्हणून भाच्याच्या पुढल्या सामन्याला मीही वही घेऊन गेलो. गुण लिहिले नाहीत. ते लिहायला गुणलेखक असतो. मी रिकाम्या चढाया लिहिल्या.

१९ गुणांच्या सामन्यात भाच्याची एकही चढाई रिकामी गेली नव्हती, ह्याचंच घरात कौतुक चाललं होतं. मला तिथंच शंका आली. समोरचे कोपरारक्षक इतके दयाळू होते की हा जाईल तिथं बोनस, हात लावील तिथं गडी. ह्या वेळचा संघ मात्र तालमीतला होता. पहिल्या चढाईला डाव्या कोपऱ्यानं त्याचा पट काढला. पुन्हा आत आल्यावर हा चिडून गेला, उडी मारली आणि साखळीनं त्याला हवेतच झेललं. मागून कोणी तरी म्हणालं, “संपला!” १९ गुणांच्या दिवशी ‘पुढे येणार’ म्हणणारा तो हाच आवाज.

नंतर तो गेला तो वेगळाच. निदान रेषा ओलांडली, पाय पुढे केला, कोपरा हलला तसा मागे घेतला. सात जणांच्या घरात जवळजवळ तीस सेकंद राहिला आणि काही न घेता मध्यरेषेवर परत आला. लोकांनी हुर्यो केली. “भ्यालास काय रे?” मी मात्र वहीत त्या चढाईभोवती गोल केला. संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. त्या तिसरीला तो पुन्हा गेला, आणि मघाशी हललेल्या त्याच कोपऱ्याला पायाच्या अंगठ्यानं शिवून आला. मघाच्या रिकाम्या चढाईत तो चोरी करायला नव्हे, घर बघायला गेला होता!

सामना हरले. भाच्याचे गुण ४. जाणकारांना कळवलं तर त्यांचा आवाज पडला. “१९ वरून ४? मग जरा विचार करावा लागेल.” मी म्हटलं, “साहेब, मुलगा कळायला लागला तो ह्या चारांत.” ते म्हणाले, “रिकाम्या चढाईला गुण नसतो.” खरं आहे. शहाणपणाला गुणपत्रिकेत रकाना कुठे असतो?

तरीही चाचणीचं बोलावणं आलं, आणि आलं ते परीक्षेच्याच आठवड्यात. जाणकार फोनवर म्हणाले, “परीक्षा काय, दरवर्षी असते.” बहिणीनं फोन माझ्या हातातून घेतला. “आणि गुडघा? तो दरवर्षी नवा मिळतो का?” पलीकडे बराच वेळ शांतता होती. त्यांच्या वहीत ह्या प्रश्नाला जागा नसावी. आणि माझी खरी तक्रार तीच आहे. भाव चुकला तर व्यापाऱ्याचा एक मोसम बुडतो. मुलाचं काय बुडतं, हे भाव करणारा कधी लिहून ठेवत नाही.

रात्री भाच्यानं विचारलं, “मामा, तू सांग. आहे का माझ्यात?”

तोंडावर आलेला निकाल मी गिळला. आमच्या गावात ह्याला फार कष्ट पडतात. म्हटलं, “मला कळत नाही. मन लागेल तर जा. पण राहिलेले पेपर कधी देता येतील ते आधी कॉलेजात विचारून ये. चढाईला जाणाऱ्यानं मध्यरेषा कुठे आहे ते बघूनच जायचं असतं.”

तो विचारून आला आणि मग गेला.

चाचणीत काय झालं, ते सांगणार नाही. घेतला म्हणालो तर तुम्ही म्हणाल, “आम्हाला वाटलंच होतं.” नाही घेतला म्हणालो तरी तेच म्हणाल. नाक्यावर दोन्ही वाक्यं तयार आहेत, चहासुद्धा गरम आहे.