‘मजाक होती बे’ हा बचाव चालेल?

लॉ कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात तुम्हाला कुणीतरी ‘रँक किती रे?’ असं विचारलं असेल. प्रश्न साधा वाटतो. पण अनेकदा त्याआडून ‘कोट्यातून आलास का?’ हेच विचारलेलं असतं. मग मूट कोर्टच्या टीममधून नाव हळूच गळतं, इंग्रजी उच्चारांची नक्कल होते, मेसच्या टेबलावरची जागा नेमकी ‘भरलेली’ असते. काही बोललात तर उत्तर ठरलेलं: ‘मजाक होती बे, काऊन सिरियस होतो?’

आता हे नियमांत कुठे बसतं, ते बघा. यूजीसीने २०१६ मध्ये रॅगिंगची व्याख्या वाढवली. जात, धर्म, रंग, भाषा, प्रदेश, आर्थिक स्थिती, लैंगिकता यावरून एखाद्याला त्रास देणं किंवा वेगळं पाडणं, हेही रॅगिंगच. त्रास सोसणारा फ्रेशरच असावा, अशी अट नाही. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा तर १९९९ चा. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. दोषी विद्यार्थ्याला काढून टाकलं जातं, पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. हा कायदा असूनही २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी जीव दिला. सीनियर जातीवरून छळत होत्या, असा कुटुंबाचा आरोप होता.

म्हणजे कायदा कमी पडत नाही. ‘मजाक’ म्हणून आपण तो लागूच होऊ देत नाही. आणि हे कायदा शिकणाऱ्यांतच घडावं?

भाषेचंच घ्या. नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीसाठीची क्लॅट इंग्रजीतच होते. राज्याची लॉ सीईटी मराठीतूनही देता येते. म्हणून गडचिरोलीहून आलेली मुलगी इंग्रजीत अडखळली, तर त्यात तिच्या बुद्धीचा काय दोष? उद्या जिल्हा न्यायालयात साक्षीदार मराठीतच बोलणार आहे. तेव्हा त्याचं म्हणणं नीट कुणाला कळेल, तिला की तिची नक्कल करणाऱ्याला?

तुमच्यासोबत असं घडत असेल, तर तारीख लिहून ठेवा, स्क्रीनशॉट जपा, अँटी-रॅगिंग समितीकडे लेखी तक्रार द्या. १८००-१८०-५५२२ या हेल्पलाइनवर नाव न सांगताही बोलता येतं. आणि तुम्ही नुसतेच बघत असाल, तर मूटच्या पुढच्या टीममध्ये तिचं नाव तुम्हीच सुचवा.