त्याच राक्षसाला पुन्हा पुन्हा मारणाऱ्यांची बाजू

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळात एकाच राक्षसासमोर उभं राहायचं, तीच तलवार, तोच वार असं तासभर मारत राहायचं आणि प्रत्येक फटक्याचा आकडा वहीत उतरवायचा. हा उद्योग करणारं एखादं पोर मुंबईत चारकोपच्या सेक्टरांत किंवा ठाकूर व्हिलेजच्या टॉवरांत भेटलं, तर नवल वाटू नये. त्याच्यावर तोंडसुख घेणारेही तिथेच भेटतात. घरच्यांच्या लेखी पोरगं वाया चाललंय. सोबत खेळणाऱ्यांच्या लेखी तो मजेचा चोथा करतोय. आणि व्यवहारी माणसं म्हणतात, आत काय दडलंय ते कंपनीला ठाऊक. आपण खेळावं आणि गप्प बसावं. हा शेवटचा आक्षेप दिसायला सौम्य आहे, म्हणून आधी त्याचाच समाचार घेतो.

कंपनी सांगते तेवढं पुरेसं असतं, हे त्यामागचं गृहीत. गेन्शिन इम्पॅक्ट हा 28 सप्टेंबर 2020 रोजी आलेला खेळ घ्या. फुकट उतरवता येतो, फोनवर चालतो. आपल्या पात्राचा हल्ला किती, क्रिट, म्हणजे अधूनमधून बसणारा जास्त जोराचा फटका, बसण्याची शक्यता किती, तो बसला तर डॅमेज कितीने वाढेल, हे सगळं पडद्यावर दिसतं. मग प्रत्यक्ष फटका मारावा तर आकडा हिशेबाच्या निम्म्याहूनही कमी येतो. का? तर शत्रूचा बचाव मध्ये येतो आणि त्याचं सूत्र पडद्यावर कुठेच नाही. खेळाडूंनी ते फटके मोजून बसवलं: आपल्या लेव्हलमध्ये 100 मिळवा, शत्रूच्या लेव्हलमध्ये 100 मिळवा, आणि पहिल्या आकड्याला दोन्हींच्या बेरजेने भागा. 90 लेव्हलचं पात्र 90 लेव्हलच्या शत्रूला मारतं तेव्हा 190 भागिले 380, म्हणजे अर्धा फटका हवेत विरला. त्यातून बहुतेक शत्रूंच्या अंगी आणखी 10 टक्के प्रतिकार असतो. शंभराचा वार अंगाला लागेपर्यंत 45 होतो.

याहून खोल दडलेली गोष्ट आहे मूलतत्त्वांची. या खेळात आग आणि पाणी एकत्र आले की वाफ होते आणि डॅमेज दीडपट किंवा दुप्पट होतो. साहजिकच वाटतं, पेटलेल्या शत्रूवर पाण्याचे सहा वार केले की सहाही वेळा फायदा. तसं होत नाही. साधारण नियम असा आहे की एकाच प्रकारच्या वारातून तत्त्व चढतं ते पहिल्या वाराला, मग थेट चौथ्याला. किंवा मध्ये अडीच सेकंद गेले तर. मधले दोन वार कोरडे. पडद्यावरच्या वर्णनात याची ओळही नाही. कुणीतरी एका लयीत वार करत राहिलं, मोठा आकडा कधी येतो आणि लहान कधी, हे टिपत राहिलं, तेव्हा नियम हाती आला. आणि मग कळलं की चार ताऱ्यांची, फुकटात मिळू शकणारी शियांगलिंग ही पात्र एवढी भारी का पडते. तिच्या आगीच्या गरगरत्या चक्राला ही अडीच सेकंदांची आडकाठीच नाही. चक्राचा प्रत्येक फेरा तत्त्व चढवतो. ज्याला हे ठाऊक नाही तो पाच ताऱ्यांच्या पात्रामागे पैसे ओतत बसतो. ‘गप्प खेळा’ या सल्ल्याची किंमत ही अशी असते.

आता घरच्यांकडे वळू. आमच्या ओळखीत एक काका आहेत, कारखान्यात इन्स्पेक्शनचं काम करून निवृत्त झालेले. पुतण्याचा हा उद्योग बघून ते वैतागले. ‘अरे, एकदा मारलंस, आकडा कळला. पुन्हा पुन्हा तेच कशाला?’

पुतण्या मान वर न करता म्हणाला, ‘काका, डॅमेज एका फटक्यात कळतो. क्रिट नाही कळत.’

उत्तर चोख होतं. त्याच्या खेळात क्रिट सोडला तर सारख्या परिस्थितीतला वार दरवेळी तोच आकडा देतो. तिथे एक स्वच्छ फटका पुरतो. फक्त स्वच्छता पाळावी लागते. पात्राने काही खाल्लेलं नको, शस्त्राचा तात्पुरता जोर चढलेला नको, शत्रू त्याच लेव्हलचा हवा. खेळात पाऊस पडत असेल तर थांबायचं, कारण पावसात शत्रू ओला होतो आणि विजेच्या किंवा आगीच्या वाराचा सगळा हिशेब बिघडतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला जर्नलमध्ये ‘दक्षता’ म्हणून आपण जे उतरवून काढतो, ते हा मुलगा स्वतःहून पाळत होता.

काकांनी विचारलं, ‘मग क्रिटचं काय निघालं?’

‘शंभर वारांत तीस. लिहिलंय पंचवीस टक्के.’

‘म्हणजे कंपनी जास्त देते?’

देत नाही. निदान तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. 25 टक्क्यांची खरीखुरी शक्यता असली तरी 100 वारांत चार-साडेचारचा चढउतार अगदी नेहमीचा. 30 काय, 20 काय, दोन्ही पचून जातात. 400 वार केले तर तोच चढउतार सुमारे दोन टक्क्यांवर येतो, 1600 केले तर एकावर. चूक निम्मी करायची तर मेहनत चौपट. नमुना किती घेतला म्हणजे मालाबद्दल बोलायचा अधिकार मिळतो, या प्रश्नावर काकांची अख्खी नोकरी गेलेली. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांचा राग मोजण्यावर नव्हताच, राक्षसावर होता.

पण शंभर वार करून ‘गेम रिग्ड आहे भाई’ म्हणणारे पुष्कळ, आणि त्यांनाही मी सोडणार नाही. तपासणाऱ्यांची बाजू घ्यायची म्हणजे खेळाडूंच्या प्रत्येक कुरकुरीची बाजू घ्यायची असं नव्हे. दहा वार क्रिटशिवाय गेले की यांना कटाचा वास येतो. खऱ्या 25 टक्क्यांत दहा कोरडे वार ओळीने येण्याची शक्यता साडेपाच टक्क्यांच्या वर आहे. 400 वारांत अशी रांग पाच-सहा वेळा लागली तर त्यात काळंबेरं काही नाही. उलट दाखवलेला आकडा खोटा असूनही खेळाडूच्या पथ्यावर पडतो, अशीही उदाहरणं आहेत. फायर एम्ब्लेम या जपानी मालिकेत 2002 च्या ‘द बाइंडिंग ब्लेड’पासून नेम लागण्यासाठी एकाऐवजी दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेऊ लागले. परिणाम असा की 90 टक्के लिहिलेला वार प्रत्यक्षात 98 टक्के लागतो आणि 10 टक्के लिहिलेला जेमतेम दोन टक्के. खेळ ऑनलाइन नाही, पण धडा तोच. लबाडी शोधायला निघालेल्याने ती आपल्या फायद्याची निघाली तरी वहीत लिहिली पाहिजे.

आणखी एक प्रकार आहे, त्याच्यावर मात्र घाईने हसू नये. ‘सात वार कोरडे गेले, आता क्रिट पडणारच.’ सुशिक्षित माणूस लगेच म्हणेल, ही मटक्याची मानसिकता. फाशाला आठवण नसते. पण या खेळातल्या फाशाला आठवण नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? 2002 च्या वॉरक्राफ्ट 3 मध्ये आणि त्याच घराण्यातल्या डोटा 2 मध्ये असे वार आहेत की 25 टक्के असं लिहिलेलं असताना पहिल्या वाराला शक्यता असते फक्त साडेआठ टक्के. तो हुकला की दुसऱ्याला 17, तिसऱ्याला साडेपंचवीस, असं चढत जातं. बारावा तर हुकूच शकत नाही. एकदा लागला की पुन्हा साडेआठापासून सुरुवात. लांब पल्ल्याची सरासरी मात्र बरोबर 25 भरते. इथे ‘आता पडणारच’ म्हणणारा अडाणी खरा ठरतो आणि त्याला हसणारा शहाणा तोंडघशी पडतो.

मग ओळखायचं कसं? नुसती बेरीज करून हे कधीच सापडणार नाही, कारण दोन्हीकडे 400 वारांत शंभराच्या आसपासच क्रिट निघतील. वारांचा क्रम लिहिलेला हवा. क्रिटच्या लगेच पुढचा वार पुन्हा क्रिट, असं किती वेळा झालं ते मोजायचं. फासा विसराळू असेल तर शंभरात सुमारे 25 वेळा, लक्षात ठेवणारा असेल तर आठ-नऊ वेळा. दहा कोरड्या वारांची रांग पहिल्यात पाच-सहा वेळा दिसेल, दुसऱ्यात जवळपास कधीच नाही. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच आहे. अंधश्रद्धा कुठली आणि निरीक्षण कुठलं, हे ऐकणाऱ्याच्या शिक्षणावरून ठरत नाही; तपासल्यावर ठरतं. आणि तपासायचं काय, हे आधी ठरवलं नसेल तर हजार वारांची वहीसुद्धा रद्दीत घालायच्या लायकीची.

ही दृष्टी आपल्याला परकी आहे असं कुणी म्हणू नये. पिकाची आणेवारी नजरअंदाजाने ठरवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. साताऱ्याकडच्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी 1940 च्या दशकात दाखवून दिलं, की शेतातला तुकडा यदृच्छेने निवडून, तेवढंच पीक कापून, मळून, तोलून उत्पन्नाचा अंदाज बांधता येतो. जाणकाराच्या नजरेपेक्षा त्या तुकड्यावर भरवसा ठेवता येतो, कारण त्यात चूक किती असेल तेही सांगता येतं. ‘मला वाटतं हे शस्त्र भारी आहे’ ही आणेवारी झाली. त्या पुतण्याची वही पीक कापणीच्या बाजूची आहे.

राहिला मजेचा प्रश्न. तो मी थोडक्यात आटपतो, कारण ज्याला मोजण्यात मजा वाटत नाही त्याच्यावर कुणी सक्ती केलेली नाही. तक्रारीत तथ्य आहे ते एवढंच: दुसऱ्याने काढलेले निष्कर्ष पाठ करून ‘तुझा बिल्ड चुकीचा, तू मेटा खेळत नाहीस’ असं नवख्यावर खेकसणारी जमात वाढली आहे. ती मलाही नकोशी वाटते. पण त्यांतल्या बहुतेकांनी स्वतः एक वारही मोजलेला नसतो. त्यांचं पाप मोजणाऱ्याच्या माथी मारू नका. मोजणारा उलट सावध असतो. नवा पॅच आला की कालचा निष्कर्ष आज टिकतो का, हे त्याला पुन्हा बघावं लागतं.

आणि ‘खेळच तर आहे’ म्हणणाऱ्यांनी कोरियाकडे बघावं. नेक्सॉनच्या मेपलस्टोरी या ऑनलाइन खेळात 2010 मध्ये क्यूब नावाची वस्तू विकायला आली. पैसे देऊन ती वापरायची, की शस्त्रा-चिलखताचे छुपे गुण नव्याने पडतात. त्याच वर्षी काही गुणांची शक्यता खेळाडूंना न सांगता बदलली गेली, आणि 2011 पासून काही जोड्या पडणं अशक्य करून ठेवलं होतं, उदाहरणार्थ बॉसवरचा डॅमेज वाढवणारा गुण वस्तूच्या तीनही ओळींत येणं. लोक शून्य शक्यतेसाठी पैसे मोजत होते. 2021 मध्ये खेळाडू बिथरले, कंपनीच्या दारासमोर निषेधाचे फलक लावलेले ट्रक उभे राहिले, आकडे बाहेर आले. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने कंपनीला सुमारे 11.6 अब्ज वॉनचा दंड ठोठावला आणि त्याच वर्षी 22 मार्चपासून अशा शक्यता जाहीर करणं कायद्याने बंधनकारक झालं.

आपल्याकडे वाद वेगळ्याच रुळावर चालला. पैसे लावून खेळायचा लुडो कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्न 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदीच घातली. कौशल्य असो वा नशीब. ठीक. पण फासा सचोटीचा आहे का, हे व्याख्या करून कळत नाही. आणि कंपनीने शक्यता छापल्या तरी त्या छापलेल्याच असतात. छापल्याप्रमाणे पडतात का, हे वार मोजल्याशिवाय कळणार नाही.

एक मर्यादा मात्र मी मानतो. कुणी म्हणेल, एवढे वार कशाला, खेळाच्या फायली फोडा, आकडे मिळतील. पुष्कळांनी ते केलं आहे. त्यात कंपनीचे नियम मोडतात हा एक भाग. दुसरा असा की फायलीत आकडा सापडला तरी तो कधी लागू होतो आणि कशाबरोबर गुणला जातो, हे वार केल्यावरच दिसतं. रात्रभर बॉट लावून सर्व्हर अडवणाऱ्यांची वकिली तर मी मुळीच करणार नाही. पडद्यावर जे सर्वांना दिसतं तेच बघून, सरळ खेळून, मागचा हिशेब काढायचा. कौतुक आहे ते याचं.

तेव्हा घरात असं पोर असेल तर आईबापांना आणि काकांना माझी विनंती एवढीच, की फोन हिसकावण्याआधी वही मागा. वार किती केले, काय बदललं, काय तसंच ठेवलं, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं आली नाहीत तर खुशाल अभ्यासाला बसवा. आली तर त्याला अजून शंभर वार करू द्या.