‘एआय’च्या कारखान्यात सभासद की तोडणी कामगार?

अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या तरुणांनाही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात शिरता येते. मात्र कोणत्या दाराने शिरायचे आणि आत गेल्यावर कुठवर पोहोचायचे, याचा विचार अहिल्यानगर जिल्ह्याने आपल्याच सहकाराच्या इतिहासातून करायला हवा.

कला शाखेची पदवी, कृषी पदविका किंवा स्पर्धा परीक्षांत घालवलेली चार-पाच वर्षे एवढ्या शिदोरीवर गावी परतलेला तरुण आज एकच प्रश्न विचारतो आहे : संगणक अभियंता नसताना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजेच ‘एआय’च्या क्षेत्रात आपल्याला शिरकाव मिळेल काय? अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरमध्ये, हा प्रश्न एकट्या मुलाच्या नोकरीचा नसतो. त्यासाठी कांद्याच्या एका हंगामाचे पैसे किंवा पतसंस्थेचे कर्ज पणाला लागते. म्हणूनच त्याचे उत्तर जाहिरातीच्या भाषेत देऊन चालणार नाही.

सध्या दोन उत्तरे प्रचलित आहेत. ‘तीन महिन्यांत तज्ज्ञ व्हा’ हे खासगी वर्गांचे उत्तर. ‘हे आयआयटीवाल्यांचे काम’ हे निराश पालकांचे. दोन्ही चुकीची आहेत. २०२४ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी जेफ्री हिंटन यांनी १९७० मध्ये पदवी घेतली ती प्रायोगिक मानसशास्त्राची, आणि त्यानंतर काही काळ चक्क सुतारकाम केले. संगणकाची पदवी ही या क्षेत्राची एकमेव वाट नाही, हे त्यावरून दिसते. पण ती पदवी केंब्रिजची होती, पुढे १९७८ मध्ये त्यांनी एडिंबरा विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि त्यानंतर अनेक दशके एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला, हेही सांगितले पाहिजे. आडवाट असते, जवळची वाट नसते.

मुळात ‘एआय’मधील काम म्हणजे काय, याबाबतच गोंधळ आहे. या क्षेत्राचे ढोबळमानाने तीन मजले आहेत. तळमजल्यावर माहिती गोळा करणे आणि तिच्यावर खुणा करणे : आवाज ध्वनिमुद्रित करणे, छायाचित्रांना नावे देणे, उत्तरे तपासणे. मधल्या मजल्यावर तयार प्रणाली एखाद्या प्रत्यक्ष कामासाठी वापरणे आणि तिच्या चुका पकडणे. वरच्या मजल्यावर नव्या प्रणाली घडवणे. वरचा मजला गणितात मुरलेल्यांचा आहे. पण खालच्या दोन मजल्यांवर ज्या गोष्टी लागतात, त्यांतील काही ग्रामीण तरुणाकडे आधीच आहेत.

भाषेचेच पाहा. मराठी आवाजाची नोंद गोळा करण्याचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रामीण गरीब, शहरी गरीब आणि विद्यापीठातील विद्यार्थी अशा तीन गटांतील एकूण ३६ जणांकडून १०९ तासांचे ध्वनिमुद्रण घेण्यात आले. ग्रामीण आणि शहरी गरिबांनी केलेले काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचे होते, असा त्याचा निष्कर्ष. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातली बोली आणि जामखेडची बोली यांतला फरक यंत्राला शिकवायचा असेल, तर तो पुण्यात बसून शिकवता येणार नाही.

शेतीत ही गरज अधिक ठळक होते. शेजारच्या बारामतीत अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने ऊसशेतीत ‘एआय’चा प्रयोग सुरू केला. उपग्रहाची चित्रे, जमिनीतील संवेदक आणि हवामान केंद्र यांच्या आधारे शेतकऱ्याला सल्ला मिळतो. परंतु उपग्रहाला उसाचा पट्टा पिवळा पडलेला दिसतो, त्याचे कारण दिसत नाही. मुळाशी हुमणी लागली आहे, चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरता आहे, की पाटाचे पाणी साचून मुळे गुदमरली आहेत, हे रानात उतरून बुडखा उपटणाऱ्यालाच सांगता येते. त्याने केलेली अचूक खूण हीच यंत्राची शिदोरी. कृषी पदविकाधारक या कामात उपरा नाही. तोच जाणकार आहे.

मात्र केवळ जाणकारीवर तळमजला मिळेल, जिना मिळणार नाही. त्यासाठी संख्याशास्त्र, संभाव्यता, थोडे बीजगणित आणि ‘पायथन’सारखी संगणकभाषा यांना पर्याय नाही. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेल्या विदाशास्त्राच्या ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमाला बारावीच्या कोणत्याही शाखेचा विद्यार्थी जाऊ शकतो. दहावीला गणित व इंग्रजी असावे लागते. जेईईऐवजी चार आठवड्यांचा अभ्यास आणि त्यावरील पात्रता परीक्षा ठेवलेली आहे, आणि मध्येच थांबणाऱ्यालाही टप्प्याटप्प्याने प्रमाणपत्र वा पदविका मिळते. दार उघडे आहे. परंतु ते इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची दमछाक गणितापूर्वी इथेच होते. तेव्हा दीड-दोन वर्षांची सलग मेहनत गृहीत धरावी आणि नोकरीची हमी देणाऱ्या वर्गाला लाखभर रुपये देण्यापूर्वी मोफत उपलब्ध असलेल्या शासकीय ‘स्वयम्’ मंचावरील एक अभ्यासक्रम पूर्ण करून स्वतःला जोखावे.

इथवर प्रश्न व्यक्तीचा झाला. पण या जिल्ह्याने असाच प्रश्न पूर्वी सामुदायिक पातळीवर सोडवला आहे. हरेगाव, साकरवाडी, टिळकनगर येथे खासगी साखर कारखाने होते तेव्हा साखर तयार करण्याची विद्या आणि भांडवल दोन्ही शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे मानले जाई. फारसे औपचारिक शिक्षण नसलेले विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीच्या परिसरातील शेतकऱ्यांना एकत्र केले आणि १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते. ऊस पुरवणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला. त्याच सहकाराच्या बळावर १९८३ मध्ये लोणी, संगमनेर आणि कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली.

या गौरवगाथेची दुसरी बाजूही जिल्ह्याला ठाऊक आहे. सभासद मालक झाला, पण पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून कोयता घेऊन निघणारा तोडणी कामगार पिढ्यान्‌पिढ्या कोयत्यापाशीच राहिला. त्याच्याशिवाय एक टनही गाळप होत नाही. तरीही कारखान्यात त्याचा वाटा नाही. ‘एआय’च्या तळमजल्यावरचे काम नेमके याच वळणाचे आहे. दिवसभर छायाचित्रांवर चौकटी आखणाऱ्याला आपण कोणत्या प्रणालीसाठी राबतो हे अनेकदा ठाऊक नसते आणि काम संपले की संबंध संपतो. शिवाय यंत्र जसे शहाणे होते, तसे यांतील सोपे काम यंत्रच करू लागते. याला छेद देणारा एक प्रयत्न म्हणजे बंगळुरूची ‘कार्य’ ही संस्था. २०२३ मध्ये ती ग्रामीण कामगारांना तासाला सुमारे पाच डॉलर देत होती, आणि त्यांनी दिलेली माहिती पुन्हा विकली गेल्यास त्यांना त्यात वाटा देण्याची तिची पद्धत आहे. मालकीचा हा विचार नगरकरांना परका वाटण्याचे कारण नाही.

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण मंजूर केले असून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली आहे. राज्यातील चार कृषी विद्यापीठांपैकी एक राहुरीत आहे. साखर कारखान्यांच्या शेतकी विभागांत गटवार लागणीच्या तारखा, उसाच्या जाती, तोडणी आणि वजन यांच्या नोंदी पडून आहेत. शेतकऱ्यांच्या संमतीने आणि त्यांची नावे वगळून या नोंदी राहुरीच्या आणि स्थानिक महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना खुल्या केल्या, चिटबॉयसह शेतकी विभागातील तरुणांसाठी मराठीतून संख्याशास्त्राचा वर्षभराचा अभ्यासक्रम आखला आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या प्रणालीत सभासदांबरोबर नोंदी करणाऱ्यांचाही वाटा ठेवला, तर तळमजल्यावरून वर जाणारा जिना जिल्ह्यातच तयार होईल.

हे झाले नाही तरी काही जिद्दी मुले आपापल्या बळावर वर पोहोचतीलच. त्यांच्या यशोगाथा छापून येतील, आणि बाकीच्यांना त्या दाखवून अधिक कष्ट करण्याचा उपदेश केला जाईल. पण प्रवरेचा कारखाना एकट्याच्या जिद्दीवर उभा राहिला नव्हता. नव्या कारखान्याचा पाया आता घातला जातो आहे आणि त्याचे भाग अजून विकले जायचे आहेत. आपल्या मुलांच्या हाती भागाचा दाखला द्यायचा की कोयता, हे ठरवण्याची वेळ गळीत सुरू होण्यापूर्वीची असते.