स्मार्टवॉचच्या आधी बीपीचे यंत्र घ्या
घेण्याआधी : वैनगंगाकाठकर

दिवाळी जवळ आली की एक प्रश्न हमखास येतो, आणि आता तो बालाघाट जिल्ह्यातल्या राजेगाव, किरणापूरकडच्या गावांतूनही येतो. मुलगा पुण्याला नाहीतर रायपूरला नोकरीला लागलेला असतो. गावी आईवडील असतात. हातात दोन-अडीच हजार रुपये असतात. त्यांना स्मार्टवॉच न्यावी की साधे घड्याळ? विचारणाऱ्याचे मन बहुधा स्मार्टवॉचकडे झुकलेले असते. ती नाडी दाखवते, रक्तातला ऑक्सिजन दाखवते. काही तर बीपी आणि साखरही दाखवतात, असे दुकानदार सांगतो. दूर राहणाऱ्या मुलाला घरच्यांच्या तब्येतीचा घोर असतो, तो या यंत्राने हलका होईल असे त्याला वाटते. हा घोर खरा आहे, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देतो. दोन-अडीच हजारांची स्मार्टवॉच आईवडिलांसाठी घेऊ नका.

स्मार्टवॉचच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकताना तुम्ही पाहिला असेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढते आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा वाढतो. या चढउतारावरून नाडी मोजली जाते. तत्त्वात काही खोट नाही. शांत बसलेल्या माणसाची नाडी चांगल्या बनावटीची स्मार्टवॉच बऱ्यापैकी बरोबर सांगते. हात हलला, पट्टा सैल पडला, मनगट ओले झाले की गणित बिघडते. रोवणीच्या दिवसांत बांधीत सकाळपासून वाकून परे लावणाऱ्या बाईचा हात क्षणभरही स्थिर नसतो आणि कोरडाही नसतो. तिच्या मनगटावरच्या आकड्यावर कोणी काय ठरवायचे?

दुकानातच करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. टॉवेलची घट्ट गुंडाळी करा, तिच्यावर स्मार्टवॉच बांधा आणि नाडी मोजायला लावा. स्वस्तातल्या बऱ्याच स्मार्टवॉच त्या टॉवेलचीही नाडी दाखवतात. परत आलेल्या प्रकाशातल्या कोणत्याही थरथरीतून आकडा काढायचा, एवढेच त्यांना शिकवलेले असते. समोर माणूस आहे की कापड, हे त्यांना कळत नाही.

बीपीचे प्रकरण याहून गंभीर आहे. रक्ताचा दाब मोजायचा तर दंडाभोवती पट्टा फुगवून रक्तप्रवाह क्षणभर अडवावा लागतो आणि तो सुटताना दाब टिपावा लागतो. नुसत्या प्रकाशावर चालणाऱ्या स्वस्त स्मार्टवॉचमध्ये यातले काहीच होत नाही. सॅमसंगसारख्या मोठ्या कंपनीच्या ज्या महाग घड्याळांत बीपीची सोय आहे, तिथेही दर २८ दिवसांनी खऱ्या पट्ट्याच्या यंत्राशी जुळवणी करायला कंपनीच सांगते. मग बाराशे रुपयांची स्मार्टवॉच कशाशीही न जुळवता १२०/८० दाखवते तो आकडा येतो कुठून? साखरेबद्दल तर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला: सुई न टोचता स्वतःहून रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही. तसली घड्याळे आपल्याकडे आजही विकली जातात.

ऑक्सिजनच्या आकड्याचेही ऐका. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांचा अभ्यास छापून आला. रुग्णालयातल्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरनेही काळ्या कातडीच्या रुग्णांतला कमी झालेला ऑक्सिजन गोऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा चुकवला होता. हे रुग्णालयातल्या यंत्राचे. आपल्या शेतावरच्या, उन्हाने रापलेल्या मनगटावर स्वस्त स्मार्टवॉच काय दाखवील याची कल्पना करा. बालाघाट-गोंदियाच्या या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण आहेत. धाप लागलेल्या लेकराच्या मनगटावर ९८ दिसले म्हणून त्याला रात्रभर घरी ठेवले, तर त्या आकड्याची किंमत कोण भरणार? बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाने १२०/८० पाहून गोळी बंद केली, तर? न मोजणारा माणूस निदान तपासायला जातो. चुकीचा आकडा मिळालेला माणूस निश्चिंत होऊन घरी बसतो. या यंत्रांवरचा माझा सगळा राग इथे आहे.

आता त्याच पैशांत काय येते ते पाहा. दंडाला बांधायचे, आपोआप फुगणारे बीपीचे यंत्र दीड-दोन हजारांत मिळते. ते एकट्याचे नसते, सगळ्या घराचे असते. शेजारची काकूही येऊन मोजून जाते. पट्टा दंडाच्या जाडीला बसेल असा निवडा, मनगटाचे यंत्र नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, खर्रा नको. पाच मिनिटे पाठ टेकून गप्प बसायचे, हात हृदयाच्या उंचीवर टेकवायचा, मग बटण दाबायचे. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचे आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहायचे. ती वही घेऊन आई आरोग्य केंद्रात गेली की डॉक्टरला गोळी वाढवायची की कमी करायची हे ठरवता येते.

तब्येतीचे असे झाले. वेळेचे काय?

राजेगावला वाघ नदीवर केंद्रीय जल आयोगाचे पाणी मोजण्याचे ठाणे आहे. नदी पुढे वैनगंगेला मिळते, आणि वाघ नदीला आलेले पाणी खाली भंडाऱ्याकडे जाते. पावसाळ्यात अशा ठाण्यांवर पातळीची नोंद तासातासाला होते. रात्री दोनच्या आकड्यासमोर दोनच वाजलेले असावे लागतात, कारण दोन नोंदींमध्ये पाणी किती चढले यावरच खालच्या गावांचा अंदाज बांधला जातो. या कामाला कोणते घड्याळ लागते? वीज गेली तरी चालणारे, मोबाइलचे टॉवर बंद पडले तरी चालणारे, पावसात मनगटावर राहणारे, आणि महिन्याला मिनिटभरसुद्धा न चुकणारे. हे सगळे साध्या क्वार्ट्झ घड्याळात पन्नास वर्षांपासून आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेकोने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. आजच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्या थरथरीच्या मोजणीवर काटा सरकतो. साध्यातले साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद मागेपुढे होते. एक सेल दोन-तीन वर्षे पुरतो. स्मार्टवॉचची वेळ फोनशी जुळलेली असते हे खरे, पण चार-आठ दिवसांनी, काहींना रोज, चार्जिंगला लावावी लागते. श्रावणात दोन दिवस वीज गेली की तिची काच काळी.

पाण्याबद्दलही फसगत होते. डब्यावर आयपी ६८ लिहिलेले असते ते स्वच्छ, स्थिर पाण्यातल्या चाचणीचे असते. चिखलणीच्या गाळाची, साबणाची किंवा पंपाच्या धारेची ती हमी नाही. पाण्यात काम असेल तर ५ एटीएम किंवा ५० मीटर असे लिहिलेले घड्याळ मागा. साध्या घड्याळांतही ते मिळते.

या भागातल्या जुन्या लग्नांत नवरदेवाला घडी, सायकल आणि रेडिओ देण्याची रीत होती. तो हुंडाच होता, त्याचे कौतुक मला करायचे नाही. पण त्यातली घडी कोणत्या बनावटीची असायची ते आठवा. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने बंगळुरूला सुरू झाला आणि पहिली घड्याळे पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. जनता, पायलट, सोना ही नावे खेड्यापाड्यांत पोचली. पुढे क्वार्ट्झचे वारे आले तेव्हा कंपनीला ते पुरते ओळखता आले नाही. टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळाने १९८४ मध्ये उभ्या केलेल्या टायटनने बाजार घेतला, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. कंपनी गेली, तरी किल्लीची जनता आजही चालते. मागचे झाकण उघडते, आतला भाग सुटा होतो, एकाची स्प्रिंग दुसऱ्याला बसते, आणि डोळ्याला भिंग लावून बसणारा घड्याळजी ते करू शकतो.

त्याच २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेतली पेबल ही स्मार्टवॉचची कंपनी बंद पडली. तिच्या घड्याळांचे चाहते जगभर होते. जून २०१८ मध्ये त्यांच्यामागची इंटरनेट सेवा थांबली आणि धडधाकट घड्याळांची निम्मी कामे बंद झाली. काही हौशी तंत्रज्ञांनी स्वतःच्या कष्टाने पर्यायी सेवा उभी केली म्हणून त्यातली पुष्कळ वाचली. आपल्याकडच्या दोन हजारांच्या स्मार्टवॉचसाठी असे कष्ट कोण घेणार? फोनमधले अ‍ॅप बंद झाले की ती संपली. अ‍ॅप टिकले तरी बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. बॅटरी आत चिकटवलेली, काच चिकटवलेली. गोंदियाच्या बाजारातला कुशल कारागीरही ती उघडून पुन्हा पाणीबंद करून देऊ शकत नाही. दुरुस्ती होत नाही, म्हणून नवी घ्यावी लागते. हाच त्या व्यापाराचा हिशेब आहे.

गिऱ्हाइकाच्या हे ध्यानात येऊ लागले आहे. आयडीसी या बाजारपाहणी करणाऱ्या संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये भारतात सुमारे ५ कोटी ३४ लाख स्मार्टवॉच बाजारात आल्या. २०२४ मध्ये तो आकडा साडेतीन कोटींवर उतरला. एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घट. पहिली स्मार्टवॉच बिघडल्यावर दुसरी घ्यायला लोक पूर्वीसारखे धावले नाहीत, असाच याचा अर्थ मी लावतो.

तरुणांचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यांच्यासाठी मी थोडा सैल होतो. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली नदीच्या दोन्ही तीरांवर दिसतात. कोणी महाराष्ट्र पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावतो, कोणी ८०० मीटर, कोणी अग्निवीरसाठी १.६ किलोमीटर. अग्निवीरला ते अंतर साडेपाच मिनिटांत काढले की पूर्ण गुण. त्यांना सेकंद मोजायचा आहे, पावले नव्हे. स्वस्त स्मार्टवॉचमध्ये स्वतःचे जीपीएस नसते. फोन घरी ठेवून धावलात तर ती हाताच्या हेलकाव्यांवरून अंतराचा अंदाज करते, आणि तो अंदाज भरतीच्या मैदानावर उघडा पडतो. चुन्याने मोजून आखलेला ट्रॅक आणि स्टॉपवॉच असलेले साधे डिजिटल घड्याळ, एवढ्यावर तयारी होते. कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे घड्याळ १९८९ पासून जवळजवळ तसेच बनते. सेकंदाचा शंभरावा भाग मोजते, आणि त्याचा सेल कंपनीच्या सांगण्याप्रमाणे सात वर्षे चालतो.

परीक्षेचेही पाहा. यूपीएससीच्या नियमांत साधे मनगटी घड्याळ चालते, स्मार्टवॉचला सक्त मनाई आहे. नीटला कोणतेच घड्याळ चालत नाही. म्हणजे अभ्यास करणाऱ्या मुलीला बक्षीस द्यायचे तर काट्याचेच घड्याळ द्यावे. तीन तासांत किती प्रश्न सोडवायचे हे काट्याकडे पाहून जसे डोळ्यांत भरते तसे आकड्यांकडे पाहून भरत नाही. शिवाय त्या घड्याळावर कोणाचा मेसेज वाजत नाही.

मग स्मार्टवॉच कोणी घ्यावी? हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याची शंका ज्याच्या डॉक्टरला आहे आणि ज्याला डॉक्टरने सांगितले आहे, त्याने. अ‍ॅपलने २०१८ मध्ये ईसीजी काढणारे घड्याळ आणले, त्याला एफडीएची परवानगी होती. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी अ‍ॅपलच्या घड्याळावर केलेल्या, २०१९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात ४ लाख १९ हजार लोक होते. त्यातल्या दोनशेत एकाला अनियमित नाडीचा इशारा मिळाला, आणि इशारा मिळालेल्यांपैकी ज्यांनी छातीवर ईसीजीची पट्टी लावून घेतली त्यांच्यात तिसऱ्या हिश्श्याला अनियमित ठोक्यांचा आजार त्या दिवसांत पकडता आला. म्हणजे चांगल्यात चांगले यंत्रही शंका दाखवते. निदान डॉक्टरच करतो. अशी घड्याळे बरीच महाग असतात. पडल्यावर मुलाला फोन लावणारी सोय एकट्या म्हाताऱ्या माणसाला उपयोगाची आहे, पण त्यासाठी फोन जवळ हवा नाहीतर घड्याळात स्वतःचे सिम हवे, आणि गावात रेंज हवी. पैसे आहेत, डॉक्टर सांगतो आहे, रेंज आहे, अशांनी जरूर घ्यावी. दोन हजारांत यातले काहीही येत नाही.

तेव्हा यंदा गावी जाताना दंडाचे बीपीचे यंत्र घेऊन जा. पहिल्या दिवशी स्वतः आईच्या शेजारी बसा, तिचे मोजा, बाबांचे मोजा, वहीची पहिली ओळ तुमच्या हाताने लिहा, आणि दर रविवारी फोनवर ते आकडे विचारा. पैसे उरले तर बाबांच्या घड्याळात नवा सेल आणि नवा पट्टा टाकून द्या.