निर्दोष सुटला, पण नाव राहिले

आमच्या पूर्णगडातला एक जुना विद्यार्थी परवा निकालाची नक्कल घेऊन घरी आला. मारामारीच्या खटल्यातून कोर्टाने त्याला निर्दोष सोडले आहे. आता आखातात नोकरी मिळते आहे, पण पोलिसांच्या दाखल्यात जुना गुन्हा निघतोच. म्हणाला, "सर, नाव काढायचा अर्ज लिहून द्या."

काय लिहू? अल्पवयीन मुलांच्या नोंदी नष्ट करण्याची तरतूद 2015 च्या बाल न्याय कायद्यात, कलम 24 मध्ये आहे. प्रौढांसाठी तसा सरसकट कायदा नाही. वकील करून उच्च न्यायालयात रिट याचिका करायची, आणि तिथेही नाव निघेलच याची खात्री नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले, त्यामुळे मुंबईची फेरी वाचली, एवढेच.

ब्रिटनमध्ये 1974 च्या कायद्याने, मोठ्या शिक्षा वगळता, ठरावीक मुदतीनंतर झालेली शिक्षाही बहुतेक कामांसाठी जमेस धरत नाहीत. आपल्याकडे निर्दोषालाही ती सवलत नाही. सुटकेच्या हुकमातच नोंद काढण्याचा आदेश असावा, असे मला वाटते. गरिबाने त्यासाठी दुसरा खटला का लढावा?

तोवर त्याला एवढेच सांगितले: बाबा, विचारले तर लपवू नकोस, निकालाची प्रमाणित नक्कल जोड.